मदतीला कोण होतं

“तू लिहितेस तरी काय गं एवढं?”

सिस्टर घाटविसावेंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातांना कोपरापर्यंत रक्त होतं आणि मी त्यांच्यापासून चार हातांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कागदावर खुणा करत होते. टेबलावरची बाई नुकतीच बाळंत झाली होती. बाळ तिथल्या आया गयामावशींच्या हातात होतं. प्रसूतिगृहातला माझा तो तिसरा दिवस.

“इथली कामं कशी होतात त्याचा अभ्यास आहे, सिस्टर,” मी म्हणाले. आम्हाला असंच सांगायला शिकवलं होतं.

“मग मावशीला सरकारनं एकच बादली दिलीय, ते लिही,” त्या म्हणाल्या आणि कामाला वळल्या.

मी ते लिहिलं नाही. मी फक्त त्यांचे हात बघायला बसले होते. बाईला तपासण्याआधी धुतले का, तपासल्यावर धुतले का, साबण लावला का, किती सेकंद चोळले. हो असेल तर बरोबरची खूण, नाही तर फुली. त्या एका सकाळी चौदा फुल्या झाल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद झाला होता. शोध लागल्यासारखं वाटत होतं.

ही २००६ सालच्या मार्चमधली गोष्ट. मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव आणि तिथलं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. गावाचं नाव सांगत नाही. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, सासवडहून पुण्याला येऊन समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, आणि पुण्यातल्या एका आरोग्य-वर्तन अभ्यास केंद्रात क्षेत्रीय निरीक्षक म्हणून लागलेली. केंद्राच्या संचालिका डॉ. वसुधा मुजुमदार. मॅडमना खेड्यातल्या बायकांबद्दल फार कळवळा होता. तो त्या गाडीच्या काचा वर करून बाळगत. अभ्यासाच्या दोन वर्षांत त्या काम बघायला आमच्या रुग्णालयात दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा प्रसूतिगृहाच्या दारातूनच, नाकाला रुमाल लावून, “व्हेरी रिच डेटा” म्हणून परत गेल्या.

त्यांच्या संशोधनाचा प्रश्न होता, सरकारी परिचारिका हात का धुत नाहीत? उत्तर त्यांनी अनुदानाच्या अर्जातच लिहून टाकलं होतं. वृत्ती. आम्ही मुली फक्त त्या उत्तराला लागणारे आकडे आणायला निघालो होतो.

प्रशिक्षण तीन दिवसांचं, एसी हॉलमध्ये झालं. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली गेली.

“कशाला हात लावायचा नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही साधा टॉवेल पुढे केलात तरी वर्तन बदलतं. तुमचा हात लागला की माझा आकडा नासला. मागच्या वेळी एका मुलीनं एका नर्सला साबण नेऊन दिला. मी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं.”

सगळ्या जणींनी हे वहीत उतरवून घेतलं. मी खाली दोन रेघा मारल्या.

फॉर्म बाहेरच्या देशातून आला होता आणि पुण्यात त्याचं मराठी झालं होतं. त्यात “नळाजवळ साबण आहे का?” असा प्रश्न होता. “नळाजवळ हात पुसण्यास स्वच्छ कापड आहे का?” असाही होता. नळाला पाणी आहे का, असा नव्हता. फॉर्म ज्यांनी केला त्यांच्याकडे नळ म्हटल्यावर पाणी येतच असणार. आणि ज्यांनी त्याचं मराठी केलं त्यांच्याही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये येत असणार.

आमच्या प्रसूतिगृहातला नळ दिवाळीपासून कोरडा होता. पाण्याची मोटर जळाली होती. सगळं पाणी रस्त्यापलीकडच्या हापशावरून यायचं. गयामावशी दोन खेपा करायच्या, कधी तीन. त्यांची रजा असली की सिस्टर घाटविसावे स्वतः बादली घेऊन निघायच्या. पांढरी साडी, वरून ॲप्रन, छप्पन्न वर्षांचं वय. हापशावरच्या बायका त्यांना बघून नंबर सोडायच्या. त्या दोन बादल्यांत बाळ पुसणं, बाई पुसणं, टेबल धुणं, फरशी धुणं आणि उरलं तर हात.

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक कागदाच्या कडेला पेनाने लिहीत गेले, “नळाला पाणी नाही.” शनिवारी मॅडमचा फोन आला.

“प्रणिता, हे कडेला काय लिहितेस तू?”

“मॅडम, पाणीच नाहीये इथं. म्हणून म्हटलं…”

“शेरे कॉम्प्युटरमध्ये चढत नाहीत. आपण वर्तन मोजतोय, प्लंबिंग नाही.” मग आवाज जरा मऊ करून त्या म्हणाल्या, “तुझं काम छान आहे हं. तुझ्या खुणा सगळ्यांत स्वच्छ असतात. जूनमध्ये पीएचडीला नाव घालायचंय ना तुझं?”

मी सोमवारपासून शेरा लिहिणं बंद केलं. माझे कागद आणखी स्वच्छ झाले.

रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. रामकिसन उढाण. त्यांच्या खोलीत बेसिन होतं आणि बेसिनच्या नळाला पाणी होतं, कारण त्यांच्यासाठी गच्चीवर वेगळी टाकी होती आणि ती टँकरने भरली जायची. मी एकदा हिंमत करून त्यांना मोटरचं विचारलं. साहेबांचा डबा नुकताच संपला होता. ते बेसिनपाशी उभे राहून हात धुत होते, बोटांच्या बेचक्यांतून, अगदी आमच्या फॉर्ममध्ये सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांनी.

“प्रस्ताव गेलाय,” ते म्हणाले. “पण मी सांगतो मॅडम तुम्हाला, या लोकांना सवयच नाही. उद्या समुद्र आणून दिला तरी धुणार नाहीत.”

आणि त्यांनी नॅपकिनला हात पुसले. मी हसले. का हसले, ते आज सांगता येत नाही. समोरचा अधिकारी होता आणि मला पंचवीस वर्षांची पोर असूनही “मॅडम” म्हणाला होता, एवढंच कारण असावं.

एस्तर घाटविसावे मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या. नवरा वारलेला, मुलगी हैदराबादला दिलेली. रुग्णालयामागच्या क्वार्टरमध्ये एकट्याच राहायच्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बोलायला तिखट. कळा देताना कोणी फार आरडाओरडा केला तर, “अगं, तोंडानं नाही बाळंत व्हायचं,” म्हणायच्या आणि त्याच वेळी तिच्या कपाळावरचा घाम आपल्या पदराने टिपायच्या. दुपारी डब्यातली अर्धी चपाती माझ्यापुढे सरकवायच्या. “खा, पुण्याची पोर. तुझी ती मॅडम तुला जेवायला घालत नाही का?”

मी खायचे. खाताना फॉर्म उलटा करून ठेवायचे.

एकदा त्यांनी विचारलं, “आमची नावं येणार का गं त्या पुस्तकात?”

“नाही सिस्टर. नावं कुठंच येणार नाहीत. तुम्ही सही केली ना त्या कागदावर, त्यात लिहिलंय तसं.”

“मी वाचलं नव्हतं. तू सांगितलंस म्हणून केली सही,” त्या म्हणाल्या.

त्या माझ्या कागदावर ‘परिचारिका क्र. २’ होत्या. प्रसूतिगृहाला परिचारिका होत्या तीन. सकाळपाळीला बहुतेक दिवस क्रमांक दोनच.

चौथ्या आठवड्यातला बुधवार. सकाळचे साडेदहा झाले असतील. एक बाई बाळंत होऊन टेबलावर होती, तिची वार नुकतीच पडली होती आणि रक्त थांबत नव्हतं. सिस्टर तिचं पोट चोळत होत्या. गयामावशी रिकामी बादली घेऊन हापशावर गेलेल्या. दुसरी, सिस्टरच्या घरची बादली माझ्या खुर्चीजवळ, भिंतीला लागून. त्यात तळापासून वीतभर पाणी आणि वर तरंगणारा मग.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि एक म्हातारी दारातूनच ओरडत आत आली.

“बाई, बघा वं लवकर! डोस्कं दिसायलंय लेकराचं!”

मागून दोघांनी धरून आणलेली पोरगी. रेणुका तिचं नाव. वीस-एकवीसची असेल, दुसरी खेप. तिला दुसऱ्या टेबलावर घेतली तेव्हा खरंच डोकं दिसत होतं. सिस्टरनी पुरुषांना बाहेर घालवलं. म्हातारी, म्हणजे रेणुकाची सासू कौसाबाई, तिचे पाय धरून उभी राहिली. ग्लोव्हजचा डबा रिकामा होता. उकळून वाळत घातलेला जोड बाहेर दोरीवर होता. सिस्टरचा डावा हात अजून पहिल्या बाईच्या पोटावर, उजवा मनगटापर्यंत लाल.

“प्रणिता,” त्या म्हणाल्या, “तो मग घे आणि माझ्या हातांवर पाणी ओत. पटकन.”

बादली माझ्या पायापासून हातभर अंतरावर होती.

मी उठले नाही. मला वाटतं मी अर्धवट उठले होते आणि परत बसले. “सिस्टर, मला… मला असं करता येत नाही. नियम आहे आमचा,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहिलंय. एकाही आवाजात ते बरं वाटत नाही.

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नसावं असं वाटलं. “काय?”

“मला कशाला हात लावता येत नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, तेवढा वेळच नव्हता. मग ॲप्रनला दोन्ही हात पुसले आणि त्या रेणुकाकडे वळल्या. कौसाबाई पाय सोडून पाणी द्यायला निघाली तर, “तुम्ही धरून ठेवा, सोडू नका,” असं त्यांनी तिला दटावलं. पुढच्या कळेला बाळ आलं. मुलगी. रडली. वार मात्र अडकली आणि सिस्टरना आत हात घालून ती काढावी लागली. गयामावशी भरलेली बादली घेऊन दारात आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं, पहिल्या बाईचं रक्तही थांबलं होतं.

मी घड्याळ बघितलं. दहा बेचाळीस. ‘प्रसूतीपूर्वी हात धुतले’, फुली. ‘वार हाताने काढण्यापूर्वी हात धुतले’, फुली. खाली सही केली, तारीख घातली.

त्या दिवशी दुपारी त्यांनी चपाती सरकवली नाही. त्यांनी स्वतःही डबा उघडला नव्हता, म्हणून मी मनाशी म्हटलं की दमल्या असतील.

रेणुका तिसऱ्या दिवशी घरी गेली आणि पाचव्या दिवशी तापाने फणफणून परत आली. डॉ. उढाणांनी तिला न तपासताच चिठ्ठी लिहून जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. नवव्या दिवशी ती तिथंच वारली. अंगात विष पसरलं होतं म्हणे. तिच्या नवऱ्याने आणि भावांनी आमच्या रुग्णालयाच्या फाटकावर दोन दिवस बसकण मारली. तालुक्याच्या पेपरात बातमी आली, मग जिल्ह्याच्या. उढाणांना कोणीतरी हवं होतं. मोटरचा प्रस्ताव कुठल्या खणात पडलाय हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी मुजुमदार मॅडमना फोन केला. मॅडमनी मला.

“प्रणिता, त्या बुधवारचं शीट स्कॅन करून पाठव. जिल्ह्याच्या चौकशी समितीला द्यायचंय.”

“मॅडम, पण आपण नाव येणार नाही म्हणून लिहून दिलंय त्यांना.”

“नाव कुठं देतोय आपण? क्रमांक देतोय.”

“तीनच सिस्टर आहेत मॅडम. ड्युटीचं रजिस्टर उघडलं की कळतं.”

“ते त्यांनी उघडायचं. आपण नाही उघडत.” मग जरा थांबून, “दुसऱ्या टप्प्यात आपल्याला याच जिल्ह्यातली सहा रुग्णालयं हवीत. परवानगी कोणाच्या सहीने मिळते, तुला माहितीये. आणि तुझा विषयसुद्धा यातूनच निघणार आहे. विचार कर.”

विचार करायला मी एक दुपार घेतली. म्हणजे असं दाखवायला की विचार केला. मग बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कागद स्कॅन केला आणि पाठवला.

चौकशी सोमवारी सकाळी अकराला, उढाणांच्याच खोलीत बसली. म्हणजे ज्याची चौकशी व्हायला हवी होती तो यजमान. त्याने बिस्किटं मागवली होती. मधल्या खुर्चीत जिल्ह्याहून आलेले अधिकारी होते. थकलेले, भले गृहस्थ होते. दुपारच्या आत परत निघायचं होतं एवढंच त्यांना स्पष्ट होतं. डावीकडे उढाण. उजवीकडे तज्ज्ञ म्हणून मुजुमदार मॅडम, पुण्याहून खास आलेल्या, हातमागाची साडी नेसून. मला कागदावरची सही माझीच आहे हे सांगायला बोलावलं होतं.

सिस्टर घाटविसावे उभ्या होत्या. त्यांना कोणी बस म्हटलं नाही.

“हे शीट बघा,” अधिकारी म्हणाले. “हात न धुता तुम्ही आत हात घातलात. बरोबर?”

“बरोबर.”

“का?”

“नळाला पाणी नाही साहेब. दिवाळीपासून नाही.”

उढाण लगेच म्हणाले, “तशी लेखी तक्रार आहे का तुमची?”

“तीन अर्ज दिलेत तुमच्याकडे. तुमच्या हातात दिलेत.”

“आवक रजिस्टरमध्ये एकाचीही नोंद नाही सर,” उढाण अधिकाऱ्यांना म्हणाले. रजिस्टर त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं, पान उघडून.

सिस्टर म्हणाल्या, “ही पोर सहा आठवडे तिथंच बसलीय. हिला विचारा पाणी होतं का.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अधिकाऱ्यांनी विचारलं, “काय हो? पाणी होतं नळाला?”

किती सोपा प्रश्न होता. हो किंवा नाही. मी तर सहा आठवडे हो-नाहीच करत होते. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या चष्मा पुसत होत्या.

“आमच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता, सर,” मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा घातला.

अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहिलं. त्यांना बिचाऱ्यांना एवढ्यावर सोडवेना. त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि सिस्टरना म्हणाले, “पण बाई, नळाला नसेल, बादलीत तर असेल ना? हापशाचं पाणी येत होतं म्हणता. मग कोणाला तरी सांगायचं, हातावर ओत म्हणून. मदतीला कोण होतं त्या वेळी?”

आता त्या सांगणार. मग शब्दात शब्द अडकणार, मला खोटं बोलावं लागणार किंवा खरं, आणि दोन्हींत मी संपणार. जून, पीएचडी, पुण्यातली खोली, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मेलेल्या रेणुकाचा चेहरा गेला असता तर निदान आज सांगायला बरं वाटलं असतं. तो नाही गेला.

“मावशी हापशावर होती,” सिस्टर म्हणाल्या. “सासूनं पाय धरले होते.”

“आणखी कोणी?”

सिस्टरनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. नीट, पुरतं.

“नाही साहेब. कोणी नव्हतं.”

अधिकारी कागदाखालच्या माझ्या सहीकडे बघून अडखळले. “पण या…”

“निरीक्षक मोजायचा नसतो सर,” मॅडम पटकन म्हणाल्या. “ती पद्धतच आहे.”

“अच्छा, अच्छा,” अधिकारी म्हणाले आणि त्यांनी बिस्किट घेतलं.

निकाल आठवड्यात आला. निष्काळजीपणा सिद्ध. सिस्टर घाटविसावेंची बदली जिल्ह्याच्या पार टोकाला, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर. बाकी सगळ्यांचं भलं झालं. डॉ. उढाणांना पुढच्या वर्षी ‘स्वच्छ हात’ मोहिमेचा जिल्ह्याचा पहिला क्रमांक मिळाला. प्रसूतिगृहातल्या नळाच्या वर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं रंगीत चित्र लागलं, प्लास्टिकचं कव्हर घालून. मोटर दुरुस्त झाली, पण ती पाहुणे बघायला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी. मुजुमदार मॅडमचा अहवाल तीन देशांत वाचला गेला. त्यांची शिफारस अशी की परिचारिकांसाठी वृत्तिबदल शिबिरं घ्यावीत. ती घेतली गेली आणि त्यांतली बरीचशी मी घेतली. माझा प्रबंधही झाला. नावाआधी डॉक्टर लागलं. रेणुका त्यात तक्ता क्रमांक नऊमध्ये आहे, एका टक्क्याच्याही आत.

पण निकाल लागला त्या आठवड्यात हे सगळं पुढं होतं. तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सिस्टर खोटं बोलल्या. माझ्यासाठी बोलल्या. पोर आहे, नोकरी जाईल, असं वाटलं असणार त्यांना. चपाती देणारी बाई, मनाने मोठी. मी त्यांच्या मोठेपणाने अगदी भारावून गेले होते. दुसऱ्याचं मोठेपण आपल्या फायद्याचं असलं की त्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

त्या निघायच्या दिवशी सकाळी मी क्वार्टरवर गेले. जाताना एक किलो सफरचंदं घेतली होती. दार उघडंच होतं. सिस्टर गादीची वळकटी बांधत होत्या आणि गयामावशी वळकटीवर गुडघा रोवून दोरी धरून होत्या. बाहेर टेम्पो यायचा होता. गयामावशींनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

“सिस्टर,” मी म्हणाले.

“हं.”

“मी आभार मानायला आलेय. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. घेऊ शकला असतात. पाणी मागितलं आणि मी दिलं नाही, असं सांगितलं असतंत तर…” माझे डोळे खरोखर भरून आले होते. “तुम्ही मला वाचवलंत.”

सिस्टरनी दोरीला गाठ मारली. ओढून बघितली. सुटली म्हणून पुन्हा मारली.

“साहेबांनी काय विचारलं होतं?”

“मदतीला कोण होतं, असं.”

“आणि मी काय सांगितलं?”

“कोणी नव्हतं, असं.”

“मग?” त्यांनी मान वर केली. राग नव्हता चेहऱ्यावर. रागासाठी समोर कोणीतरी लागतं. “मी खोटं नाही बोलले. तेहतीस वर्षं झाली मला या कामात. बाळंतपणाला आलेल्या म्हाताऱ्या बघितल्या, दारू पिऊन आलेले नवरे बघितले. एकदा बेडी घातलेल्या बाईबरोबर आलेला हवालदार होता. तिला पोट चिरायला नेताना तोच माझ्या हातांवर पाणी धरून उभा राहिला. माझ्या हातांवर पाणी ओत म्हटलं आणि ओतलं नाही, असं माणूस मला तेहतीस वर्षांत भेटलं नाही. म्हणून म्हटलं, कोणी नव्हतं. जे होतं तेच सांगितलं.”

हातातली पिशवी मी पुढे केली. सिस्टरनी घेतली नाही, गयामावशींनीही घेतली नाही. मग मी ती तशीच परत हातात धरली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दोघींनी वळकटी उचलली आणि दाराकडे आल्या. मी दारातच उभी होते.

“तुम्ही जरा बाजूला व्हा,” सिस्टर घाटविसावे मला म्हणाल्या. “आम्हाला सामान न्यायचंय.”

इतक्या आठवड्यांत त्या मला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणाल्या होत्या. मी बाजूला झाले.